पाण्यात उतरा, पण रीतीनं

धाराशिव जिल्ह्यात पोहण्याच्या फायद्यांविषयी बोलायला लागलं की कोणीतरी हमखास विचारतं, "प्यायला पाणी नाही, आणि पोहायच्या गोष्टी कसल्या करता?" विचारणाऱ्याचं चुकत नाही. २०१६च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, त्या वर्षी आपल्याही गावोगावी टँकरच्या वाटेकडे डोळे लावून घागरींच्या रांगा लागल्या होत्या. पण याच जिल्ह्यात सप्टेंबर २०२५मध्ये परंडा-भूम भागातल्या गावांना पुराचा वेढा पडला आणि माणसं बाहेर काढायला एनडीआरएफची पथकं आणि हेलिकॉप्टर आणावं लागलं. पाणी कमी आहे हे खरं. पण आपली पाण्याशी गाठच पडत नाही, हे खरं नाही. जवळपास प्रत्येक शिवारात विहीर आहे, शेततळं आहे, कुठे साठवण तलाव, कुठे कालवा. तेरणा, मांजरा, सीना, बोरी या नद्या आहेत. आणि यातल्या थोड्याशा पाण्यात, ते वाया न घालवता, माणसाच्या शरीराचं पुष्कळ भलं करून घेता येतं. ते कसं, एवढंच मला सांगायचं आहे.

आधी सांगायचं आहे ते गुडघे दुखणाऱ्या बायकांना. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत येणाऱ्यांची वाट बघा. पंचेचाळीसेक किलोमीटरची ती चाल. त्यात पन्नाशी-साठीच्या कितीतरी बाया असतात, श्रद्धेनं पाय ओढत येतात आणि पुढचे पंधरा दिवस गुडघ्याला तेल चोळत बसतात. उरलेलं वर्ष काय वेगळं असतं? उकिडवं बसून खुरपणी, वाकून सोयाबीनची काढणी, डोक्यावर वैरणीचा भारा. ऊसतोडीला जाणाऱ्या बाईच्या पाठीचं आणि गुडघ्याचं तर बोलायलाच नको. डॉक्टर सांगतात, वजन कमी करा, रोज चाला. पण चाललं की गुडघा दुखतो, दुखतो म्हणून चालणं बंद होतं, चालणं बंद झालं की मांडीचे स्नायू ढिले पडतात, आणि स्नायू ढिले पडले की सगळा भार पुन्हा गुडघ्यावरच येतो.

या चक्रातून सुटायला पाण्याइतकं सोपं साधन नाही. कमरेपर्यंत पाण्यात उभं राहिलं की पायांवरचा भार साधारण निम्मा होतो. छातीपर्यंत पाणी असेल तर जेमतेम एक तृतीयांश उरतो आणि मानेपर्यंत असेल तर एक दशांशाच्या आसपास. पासष्ट किलोच्या बाईच्या पायांवर छातीभर पाण्यात वीस-बावीस किलोंचाच भार येतो. शिवाय पाणी हवेपेक्षा सुमारे आठशे पट दाट. त्यामुळे पाय पुढे टाका, मागे टाका, बाजूला न्या, प्रत्येक हालचालीला पाणी अडवतं आणि स्नायूंना काम लागतं. पण हे अडवणं मऊ असतं, त्यात हिसका नसतो. जेवढा जोर तुम्ही लावाल तेवढाच जोर पाणी परत लावतं, म्हणून ज्याची ताकद कमी त्यालाही हा व्यायाम झेपतो. पाण्याचा दाब चहूबाजूंनी पोटऱ्यांवर पडतो आणि पायांकडचं रक्त वर सरकायला मदत होते. दिवसभर उभं राहून ज्यांचे पाय सुजतात त्यांना याचा आराम लवकर कळतो.

मी वाढवून सांगत नाही. झिजलेली गादी पाण्यानं भरून येत नाही. गुडघा आणि खुब्याच्या झिजेवर पाण्यातल्या व्यायामाचा काय उपयोग होतो, यावरच्या अनेक चाचण्या एकत्र तपासून कोक्रेन या संस्थेनं २०१६मध्ये निष्कर्ष काढला. दुखणं थोडं कमी होतं, हालचाल थोडी सुधारते, निदान काही काळापुरती तरी. सुधारणा लहान आहे, पण जी बाई देवळाच्या पायऱ्या सोडून द्यायच्या बेतात आहे तिच्या दृष्टीनं ती लहान नाही. आणि व्यायाम सोडला की फायदाही ओसरतो, हे लक्षात ठेवूनच सुरुवात करावी.

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं उदाहरण सांगते. आमच्या शेतात बोअरशेजारी सिमेंटचा हौद आहे. बोअरचं पाणी आधी त्यात पडतं, मग ठिबकला जातं. आत लोखंडी शिडी. पाणी जाऊबाईंच्या छातीला लागेल इतकं ठेवलं होतं. त्या शिडीच्या शेवटच्या पायरीवरच थांबल्या, दोन्ही हातांनी दांडा घट्ट धरून. "माझा पाय ठरत नाही गं," म्हणाल्या. पाण्यात पहिल्यांदा उतरणाऱ्या प्रत्येकाला असंच वाटतं, कारण पाणी पाय वर उचलू बघतं. पहिल्या दिवशी त्यांनी काठ धरून नुसतं उभं राहायचं आणि टाचा वरखाली करायच्या, एवढंच ठरवलं. दुसऱ्या वेळी काठाकाठानं चालल्या. मग कधीतरी एक हात सुटला. चालता चालता थांबून म्हणाल्या, "इथं गुडघा दुखतच नाही की!" हौदातून बाहेर येताना मात्र पायांत एकदम जडपणा येतो, सगळं वजन परत अंगावर येतं. तेव्हा शिडीशी कोणीतरी उभं असलंच पाहिजे. त्या दिवशीचं ते पाणी नेहमीसारखंच ठिबकनं वांग्यांना गेलं. एक घागरही वाया गेली नाही.

ज्यांच्याकडे असा हौद आहे त्यांना माझी विनंती आहे, पुढच्या वेळी तो धुवाल तेव्हा घरातल्या म्हाताऱ्या माणसांचाही विचार करा. बुडाशी शेवाळ राहू देऊ नका, त्यावर पाय सटकतो. शिडी हलती नको, काठाला धरायला एक पाइप बसवून घ्या. पाणी छातीपर्यंतच ठेवा. ज्या हौदात फवारणीचं औषध कालवलं जातं, त्यात चुकूनही कोणाला उतरवू नका. औषधाचे रिकामे डबे ज्यात विसळले जातात तो हौदही नको. मोटार चालू असताना पाण्यात उतरायचं नाही. वायर कुठे सोललेली असेल सांगता येत नाही, म्हणून मुख्य बटण बंद करूनच उतरायचं. आणि उतरण्याआधी लघवीला जाऊन, हातपाय धुऊन घ्यायचं, म्हणजे पाणी स्वच्छ राहतं.

व्यायाम अवघड नाही. आधी पाच मिनिटं नुसतं चाला, घरात चालता तसं. मग उलट्या पावलांनी चाला. यात मांडीच्या मागच्या स्नायूंना काम मिळतं. मग खेकड्यासारखं आडवं चाला, डावीकडे, उजवीकडे. काठ धरून एक पाय सरळ पुढे, बाजूला, मागे न्या, मग दुसरा. गुडघा वर घेऊन पुन्हा खाली सोडा. हात पाण्याखाली ठेवून पंजे पसरून पाणी ढकला, आखडलेल्या खांद्याला त्यानं मोकळीक मिळते. सुरुवातीला दहा मिनिटं पुरेत. महिन्याभरात वाढवत अर्ध्या तासावर न्या. आठवड्यातून तीन दिवस झालं तरी भागतं. पाण्यात घाम आलेला कळत नाही, म्हणून बाहेर आल्यावर पेलाभर पाणी प्या. थंडीच्या दिवसांत भल्या पहाटे उतरू नका. पाणी अंगातली ऊब हवेपेक्षा किती तरी भराभर ओढून घेतं आणि गार पाण्यात सांधे उलट आखडतात. ऊन वर आल्यावर उतरावं.

काहींनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय उतरूच नये. हृदयाचा त्रास असलेले, रक्तदाब आटोक्यात नसलेले, फिट येणारे, पायाला जखम असलेले. गरोदर बाईनंही आधी विचारावं. मधुमेहाच्या पेशंटनं उपाशीपोटी उतरू नये, साखर कमी झाली तर पाण्यात चक्कर येणं जिवावर बेतू शकतं. मधुमेहात तळपाय बधिर झालेले असू शकतात, मग हौदाच्या खरखरीत बुडानं कातडी सोलली तरी कळत नाही. त्यांनी पाण्यातही रबरी चप्पल किंवा बूट घालावेत आणि बाहेर आल्यावर बोटांच्या बेचक्या पुसून तळवे बघावेत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खडीसाखर, गूळ असं काहीतरी काठावर ठेवावं.

पाण्यानं किती बरं होतं, याचं मोठं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सांगली जिल्ह्यातल्या पेठ-इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर लष्करात होते, बॉक्सिंग खेळायचे. १९६५च्या युद्धात त्यांना गोळ्या लागल्या आणि कमरेखालचं शरीर निकामी झालं. उपचाराचा भाग म्हणून त्यांना पोहायला सांगण्यात आलं. त्या पोहण्यातून ते १९७२मध्ये जर्मनीतल्या हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकपर्यंत पोचले आणि ५० मीटर फ्रीस्टाइलमध्ये त्यांनी सुवर्णपदक जिंकलं. भारताचं ते पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण. पद्मश्री मात्र २०१८ साली मिळाली. पदक सगळ्यांना मिळत नाही. पण अर्धांगवायूतून सावरणारी माणसं, अपघातात पाय मोडलेली तरुण पोरं आपल्या गावागावांत खाटेला खिळून आहेत आणि त्यांना पाण्यात उतरवायचं कोणाला सुचतच नाही. फिजिओथेरपिस्टला विचारा, त्याच्या देखरेखीखाली उतरवा. जो पाय जमिनीवर उचलत नाही तो पाण्यात थोडासा का होईना उचलला जातो, आणि तो उचललेला बघून माणसाला उभारी येते.

ज्यांना खरं पोहता येतं त्यांना पाणी याहून जास्त देतं. हात, खांदे, पाठ, पोट, मांड्या सगळं एकदम कामाला लागतं आणि श्वास तालात घ्यावा लागतो. नियमित पोहणाऱ्यांचा रक्तदाब उतरायला मदत होते. दमा असलेल्या मुलांनाही पोहणं सहसा सोसतं आणि त्यांचा दमसास वाढतो. मात्र क्लोरीनच्या वासानं कोणाला खोकला सुरू होत असेल तर थांबावं. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांना आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम व्यायाम करायला सांगते. पोहणं त्यात पूर्ण धरलं जातं. पण पोहण्यानं पोट झटकन उतरेल, अशी आशा मी दाखवणार नाही. अर्धा तास संथ पोहून साधारण एका भाकरीएवढी ऊर्जा खर्च होते आणि बाहेर आल्यावर भूक सडकून लागते. हाडांचंही तसंच. हाडं मजबूत व्हायला त्यांच्यावर भार यावा लागतो आणि पाणी तर भार काढून घेतं. म्हणून पाळी थांबलेल्या बायकांनी गुडघे थोडे सावरले की जमिनीवरचं चालणंही सोडू नये.

आता मुलांविषयी. इथे माझं बोलणं जरा कडक होईल.

आपल्याकडची जुनी पिढी विहिरीत पोहायला शिकली. कमरेला दोर, पाठीला वाळलेला भोपळा किंवा पत्र्याचा रिकामा डबा, वर काठावर दोर धरून उभा असलेला चुलता. पायऱ्यांच्या बाजूनं उतरायचं, आधी पाय मारायला शिकायचं. दोराची ढील हळूहळू वाढत जायची. डबा सुटला तरी दोर असायचा. आता पोरं वडील माणसाशिवाय ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन जातात. वरून उडी मारली की ट्यूब अंगाखालून निसटते आणि खाली पंधरा-वीस हात पाणी. परीक्षा संपल्या की दर उन्हाळ्यात पेपरात त्याच बातम्या येतात.

त्याहून घातकी शेततळं. २०१६मध्ये "मागेल त्याला शेततळे" ही योजना आली आणि त्या आधीपासूनही शिवाराशिवारात शेततळी झाली. त्यांनी फळबागा जगवल्या, ते काम मोलाचं आहे. पण शेततळ्याच्या उतरत्या बाजूंना प्लास्टिकचं अस्तर असतं आणि त्यावर शेवाळाचा थर चढतो. त्यावरून आत सरकलेल्या माणसाच्या हाताला धरायला काहीच लागत नाही. बोटं घसरतात, पाय घसरतात, जितकं धडपडावं तितकं तो खाली जातो. पट्टीच्या पोहणाऱ्यालाही तिथून निघता येत नाही. पोहून पोहून दमतो आणि काठापासून हातभर अंतरावर बुडतो. कुंपण नसलेल्या, दोर नसलेल्या शेततळ्यात पोहायला उतरायचं नाही, कितीही चांगलं पोहता येत असो. आणि शेततळ्याच्या मालकाला माझं हात जोडून सांगणं आहे, चारही बाजूंना काठावर पक्के खुंट ठोका आणि हातहातभर अंतरावर गाठी मारलेले जाड दोर तळापर्यंत सोडा. एका बाजूला जुन्या टायरांची शिडी बांधा. दोन रिकामे कॅन झाकण घट्ट लावून, दोरी बांधून काठावर ठेवा. अस्तराला हजारो रुपये घालता, त्यात हे दोर नगण्य आहेत.

देशात दरवर्षी तीस हजारांहून जास्त माणसं बुडून मरतात. यावरचा उपाय मुलांना पाण्यापासून लांब ठेवणं नाही, ती लांब राहतच नाहीत. बांगलादेशात खेड्यातल्या तळ्यांत बांबूचे मचाण बांधून मुलांना पोहणं शिकवलं आणि शिकलेल्या मुलांचं बुडण्याचं प्रमाण खूप घटलेलं दिसलं. त्यासाठी मोठा तलाव लागला नाही, शिकवणारं माणूस आणि थोडं उथळ, सुरक्षित पाणी लागलं. सहा वर्षांच्या पुढच्या प्रत्येक मुलाला पोहणं शिकवावं, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. हातपाय मारता आले म्हणजे पोहता आलं, असं धरू नका. अंगावरच्या कपड्यांसकट पाण्यात पडल्यावर न घाबरता उताणं तरंगता येणं, वीस-पंचवीस मीटर पोहत काठ गाठता येणं आणि स्वतःच्या बळावर बाहेर चढता येणं, हे जमलं की मुलाला पोहता येतं असं म्हणा. त्यानंतरही एकटं जायचं नाही.

मुलींना वगळू नका. पोरगा विहिरीवर जातो, पोरगी घरी भांडी घासते, आणि पुढे तीच धुण्याचं गाठोडं घेऊन नदीवर, तलावावर जाते. पाय घसरला की ओली साडी पायांना गुंडाळते. बुडणाऱ्या मायलेकींच्या बातम्या अशाच घडतात. लेगिंग आणि अंगासरशी टी-शर्ट घालून शिकता येतं, ओढणी तेवढी काठावर काढून ठेवायची. आई, मावशी, बाई शिक्षिका काठावर असतील तर कोणी नावं ठेवायचं कारण नाही. खो-खोमध्ये याच जिल्ह्यातल्या सारिका काळे भारताच्या कर्णधार झाल्या आणि २०२०चा अर्जुन पुरस्कार त्यांनी मिळवला. मुलींना मैदानावर पाठवायला आपण शिकलो आहोत, तर पाण्यात पाठवायलाही शिकू.

एकाला वाचवायला दुसरा, दुसऱ्याला वाचवायला तिसरा, असं करत एका घरातले तीन-तीन जीव जातात. बुडणारा माणूस भेदरलेला असतो, तो वाचवणाऱ्याच्या गळ्याला मिठी मारतो. म्हणून उडी मारू नका. आडवं पडून काठी, वेळू, साडी, दोर जे हाताशी असेल ते टाका. रिकामी घागर, कॅन, ट्यूब फेका आणि आरडाओरडा करून माणसं जमवा. बाहेर काढलेल्याला उलटं टांगणं, पोट दाबून पाणी काढणं, कुंभाराच्या चाकावर फिरवणं, यातलं काहीही करू नका. त्यात लाखमोलाची मिनिटं जातात. श्वास चालत नसेल तर उताणं झोपवून हनुवटी वर करा, नाक दाबून तोंडानं दोनदा श्वास भरा. मग छातीच्या मधोमध जोरानं आणि वेगानं तीस वेळा दाबा, पुन्हा दोन श्वास, आणि हे थांबवू नका. त्याच वेळी दुसऱ्यानं १०८ला फोन करावा. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्यायचंच, कारण फुप्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देऊ शकतं.

आता सरकारकडे काय मागायचं? तालुक्याच्या क्रीडा संकुलात मोठा तलाव बांधा, अशी मागणी ऐकू येते. माझा त्याला पूर्ण पाठिंबा नाही. पंचवीस मीटर लांब, दहा मीटर रुंद आणि सरासरी सव्वा मीटर खोल तलावाला तीन लाखांवर लिटर पाणी लागतं, म्हणजे बारा हजार लिटरचे सव्वीस टँकर. गाळणी यंत्रणा नीट असेल तर तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरता येतं, पण आपल्या उन्हाळ्यात रोज सात-आठ मिलिमीटर पाणी वाफ होऊन उडतं. त्या तलावातून रोजचे साधारण दोन हजार लिटर गेले. टंचाईच्या वर्षी असा तलाव बंदच ठेवावा लागेल आणि ठेवलाही पाहिजे. त्याऐवजी आठ मीटर बाय चार मीटरचा, सव्वा मीटरच्या आतला झाकता येणारा हौद मागा. त्याला चाळीस हजार लिटर, म्हणजे तीन-साडेतीन टँकर पाणी पुरतं. सकाळी गुडघेदुखीचे आणि अर्धांगवायूचे पेशंट, दुपारी बायकांची बॅच, संध्याकाळी शाळेची पोरं. ग्रामीण रुग्णालयाच्या किंवा क्रीडा संकुलाच्या आवारात तो बसतो. उतरायला रॅम्प, दोन्ही बाजूंना दांडे आणि एक शिकलेली व्यक्ती काठावर. आठही तालुक्यांत असे आठ हौद झाले तर एका मोठ्या तलावाएवढ्याच पाण्यात सगळ्या जिल्ह्याची सोय होते.

ग्रामसभेत हा विषय मांडा. २६ जानेवारीची सभा उन्हाळ्याच्या तोंडावर आणि १ मेची ऐन उन्हाळ्यात येते, तेव्हाच मांडलेला बरा. गावातली शेततळी किती, त्यांतल्या कितींना कुंपण आणि दोर आहे, याची यादी वाचून दाखवा. शाळेच्या व्यवस्थापन समितीला विचारा, सातवीपर्यंतच्या किती मुलामुलींना तरंगता येतं. ज्यांना चांगलं पोहता येतं अशा चार-पाच जणांची नावं तिथेच लिहून घ्या, शिकवायला वेळ ठरवा, आणि विहीर कोणाची वापरायची, पायऱ्या कुठे धड आहेत, दोर कोण आणणार, हे त्याच बैठकीत ठरवून उठा.